पाच महिन्यांचं अनुभवपत्र

माझे सासरे रेल्वेच्या आस्थापना विभागात कारकून होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात आलेला कुठलाही कागद ते आधी उलटा करून बघत, मागे काही लिहिलंय का म्हणून. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो की माझ्या स्कूटीचा विमा, त्याला पंचिंग मशीनचं भोक पडायचं, त्यातून दोरी ओवली जायची आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं पान क्रमांक बसायचा. त्यामुळे कॅनडात कायमचं राहण्याचा अर्ज रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या घरातून जाणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त खूश तेच झाले. "किती पानांचा हाये?" एवढंच त्यांनी विचारलं.

अर्ज माझा होता. हे सांगायला मला अजूनही आवडतं. मी शहराबाहेर उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये, माल तपासायच्या लॅबमध्ये होते. बांधकामाच्या सळ्या मशीनमध्ये ताणून तोडायच्या, वाकवून बघायच्या, आकडे लिहायचे आणि माल पास की नापास ते ठरवायचं. कुशल कामगार म्हणून माझे गुण जास्त भरले, म्हणून मुख्य अर्जदार मी आणि नवरा 'सोबत येणारा'. त्याचं ऑफिस शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत होतं, जिथे रस्ते एवढे रुंद की पलीकडे माणूस उभा आहे का ते डोळे बारीक करून बघावं लागे. तो जन्मापासून रायपूरचा. मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीत. "अपन तो सामान हैं," तो सगळ्यांना सांगायचा, "मैडम जहाँ ले जाएँ।"

निवड झाल्याचं कळल्यापासून पूर्ण अर्ज भरायला साठ दिवस होते. एखादा कागद राहिला तर अर्ज परत, आणि पुढच्या वेळी माझ्या वयाचे गुण कमी होणार होते. म्हणजे जमलं तर आताच. पण मला घोर कागदांचा नव्हता. सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, त्या या विषयावर एक अक्षर बोलत नव्हत्या. आम्ही कॅनडाचं नाव काढलं की त्या मेथी निवडायला घ्यायच्या. एकुलता एक मुलगा, दोन वर्षांपूर्वी मोडलेला त्यांचा खुबा, आणि आम्ही चाललो सातासमुद्रापार. मी मनाशी पक्कं केलं होतं की आई आपल्या तोंडानं हो म्हणेपर्यंत मी शेवटचं बटण दाबणार नाही. हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. तो म्हणाला, "फिर तो गए काम से।"

आई आणि मी म्हणजे दुधात साखर, असं काही नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मागच्या दाराबाहेर भिंतीत एक खिळा ठोकून घेतला. उरल्याहून बीरगांवमार्गे घरी येईपर्यंत माझ्या ओढणीवर काळी धूळ बसलेली असायची. "ते काजळ घरात नको आणू बापा," त्या म्हणाल्या. हेल्मेट, ओढणी, लॅबचा कोट, सगळं त्या खिळ्यावर टांगूनच आत यायचं. मला त्या खिळ्याचा फार राग यायचा. मी वर्ध्याची. राग गिळायची आमच्याकडे रीत नाही, पण नवं सासर म्हणून मी तो दोन वर्षं गिळला.

अर्जासाठी पहिला मोठा कागद म्हणजे मिलचं अनुभवपत्र. मी नेमकं काय काम करते, हे त्यात एकेक कलम करून लिहिलेलं हवं होतं. मी सेठजींना तसं सांगितलं. चार दिवसांनी त्यांनी मोठ्या प्रेमानं पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की मी त्यांना मुलीसारखी आहे, माझं घराणं संस्कारी आहे आणि मी कधी कोणाशी उंच आवाजात बोलले नाही. रोलिंग मिलमध्ये! जिथे शेजारच्या माणसाला वेळ विचारायची तरी गळ्याच्या शिरा ताणाव्या लागतात. "सेठजी, हे स्थळ बघायला चाललंय का?" असं ओठांवर आलं होतं. पण मी हिंदीत नीट समजावलं की तिथल्या साहेबाला माझे संस्कार नकोत, काम हवंय. सेठजी खरंच गोंधळले. म्हणाले, "बिटिया, काम तो तुम ही जानो। लिख के लाओ, मैं दस्तख़त कर दूँगा।"

म्हणून एका रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून मी माझी कामं लिहून काढली. ती अकरा कलमं झाली. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मसुदा मागितला, चष्मा चढवला आणि पाचव्या कलमावर थांबले.

"मंजे तू सही नाई केली तर ट्रक निघत नाई?"

"नाही निघत."

"सेठ बोलला तरी?"

"सेठजी बोलले तरी."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अन् मी चार वर्षं लोकाईले सांगून राहिलो का आमची सून कॉम्प्युटरवर बसते!" संध्याकाळपर्यंत ही बातमी साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पोहोचली. देवळासमोरच्या ओट्यावर बसणारे बाबांचे मित्र मला स्कूटीवरून येताना बघून पाय आवरून घ्यायला लागले. आई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "त्यात काय नवीन हाये? घरातली पिशवी तरी इच्या सहीशिवाय निघते का?" पण म्हणताना त्या हसल्या.

बाबांची फाइल वाढत गेली. डावीकडे शेरे, उजवीकडे पत्रव्यवहार. अर्ज ऑनलाइन आहे, कागद कुठेच पाठवायचा नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. "मंग तो साहेब सही कशावर करन?" हा त्यांचा प्रश्न होता. ते प्रत्येक गोष्ट रेल्वेच्या नियमात बसवत. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता लियन. रेल्वेचा माणूस दुसऱ्या खात्यात गेला तरी मूळ जागेवरचा त्याचा हक्क ठरावीक काळ शाबूत राहतो, ती जागा कायमची कोणाला देत नाहीत, त्याला लियन म्हणतात. बाबांनी उभा जन्म असल्या लोकांचं रजिस्टर सांभाळलं होतं. आमची मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेली तेव्हाही ते म्हणाले होते, "जाऊ दे. तिचं लियन आपल्याकडंच हाये."

मग आला गेल्या दहा वर्षांचा हिशोब. कुठल्या महिन्यात तुम्ही काय करत होतात, ते एकही महिना न सोडता लिहायचं. शिक्षण, नोकरी, सगळं जुळलं, फक्त पाच महिने मोकळे राहिले. आई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं, ते पाच महिने. मिलमध्ये एवढी रजा मिळत नव्हती म्हणून मी नोकरी सोडली होती. नंतर त्यांनीच परत बोलावलं. मी तिथे जी ओळ बसत होती ती निवडली, 'बेरोजगार', आणि बाबांसाठी छापून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मिलमधून आले तर बाबा मागच्या दारातच उभे. हातात तो कागद. मी त्यांना कधी एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"हे काय लिहिलं? बेरोजगार? कोण?"

"बाबा, पगार नव्हता ना तेव्हा. त्यांच्या भाषेत तसंच म्हणतात."

"त्याईच्या भाषेत म्हणत असतीन. या घरात काहून म्हणाचं?" आणि आत वळून ओरडले, "ऐकलं का व? सुनेनं तुह्यासाठी पाच महिने काहीच नाई केलं म्हणते."

मी हेल्मेट खिळ्यावर टांगलं आणि पोळ्या लाटायला गेले.

त्या पाच महिन्यांत मी आईंना लॅबच्याच पद्धतीनं सांभाळलं होतं. दुसरी पद्धत मला येतच नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज त्यांची पावलं लिहायची. पहिल्या दिवशी चार. मग सहा. एका शनिवारी पलंगापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चौदा. "मी काय तुह्या कारखान्यातली सळई हाव का?" त्या वॉकर आपटून म्हणायच्या. "सळई बरी, ती बोलत नाही," असं मी एकदा म्हटलंच, आणि त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र हसलो.

बाबा चिडले त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी मी बाजारातून आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर बाबा लिहीत होते आणि समोर आई बसून सांगत होत्या. मला बघून बाबांनी पेनाला टोपण लावलं. बाजूला नवाकोरा रबरी शिक्का आणि शाईचं पॅड होतं. "शिक्क्याशिवाय कागदाले वजन नसते," बाबा म्हणाले. शिक्क्यावर होतं, 'कुटुंबप्रमुख'. पण त्याच्या वर सही होती आईंची, त्या बँकेत करतात तशी हळूहळू काढलेली.

"सेवा कोणाची झाली?" आईंनीच बाबांकडे बोट दाखवत खुलासा केला. "माही. मंग सही कोणाची राहीन? यायची?"

बाबांनी शिक्का आपण बनवून आणल्याचं पडत्या आवाजात सांगून पाहिलं, पण त्यांचं काही चाललेलं दिसत नव्हतं.

पत्र बाबांच्या कडक रेल्वे इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं. प्रमाणित करण्यात येते की सदर उमेदवार या घरात पाच महिने पूर्णवेळ कामावर होती. साप्ताहिक सुटी घेतली नाही. तिची मुख्य कामे पुढीलप्रमाणे. एक, रुग्णास उठविणे, बसविणे, चालविणे व पावलांची दैनिक नोंद ठेवणे. दोन, औषध वेळेवर देणे. रुग्ण गोळी उशीखाली लपवीत असे, ती शोधून काढणे. तीन, रुग्णाचे केस धुणे व विंचरणे. चार, रुग्ण चिडल्यास न चिडणे. उमेदवार दोनदा चिडली, दोन्ही वेळा चूक रुग्णाची होती. पाच, रुग्णास झोप लागली आहे असे समजून स्वयंपाकघरात रडणे, व त्यानंतर चहा घेऊन हसत बाहेर येणे.

पाचव्या कलमापाशी मला पुढचं दिसेना. मला वाटायचं, ते कोणालाच ठाऊक नाही.

"रडू नको व," आई म्हणाल्या. "कागद ओला होईन. स्कॅन कराचा हाये ना?"

खाली आणखी दोन ओळी होत्या. काम सोडण्याचे कारण: काम पूर्ण झाले, रुग्ण चालू लागली. आणि मग: उमेदवारास परदेशी पाठविण्यास हरकत नाही. या घरातील तिचे लियन दोन वर्षे राखले जाईल.

त्यातलं 'दोन वर्षे' खोडलेलं होतं. वर 'कायम' लिहिलं होतं, आणि खाडाखोड केली की बाजूला लागते तशी आईंची छोटी सही.

"नियमात दोनच वर्षं बसते," बाबा कुरकुरले. "मी सांगितलं इले."

"तुमचा नियम रेल्वेत ठेवा," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता मेथीची जुडी ओढली. "हव. जा तुमी. अन् ते बटण काय हाये ते दाबून टाक एकदाचं, साठ दिवस होऊन राहिले." बटणाची गोष्ट नवऱ्यानं फोडली होती तर.

'बेरोजगार' ही ओळ मला बदलता आली नाही, तिथे दुसरं काही बसतच नव्हतं. पण खुलाशाच्या जागी मी ते पत्र जोडलं, शिक्क्यासकट. तिकडच्या साहेबानं ते वाचून काय केलं असेल, मला माहीत नाही. हसला असावा. काही महिन्यांनी मंजुरी आली. नवऱ्यानं सगळ्या पाऱ्यात पेढे वाटले, आणि बाबांनी मंजुरीच्या कागदाला भोक पाडून तो फाइलला लावला. अनुभवपत्राची मूळ प्रत त्यांनी मला दिली नाही. मूळ प्रत कार्यालयातच राहते. माझ्याकडे झेरॉक्स आहे.

आता मी कॅनडातल्या एका लॅबमध्ये सळ्या तोडते. दर रविवारी आमचा फोन असतो. मागच्या रविवारी बाबा तक्रार करत होते. पावसातून आले, छत्री ओली, म्हणून मागच्या दाराबाहेरच्या खिळ्यावर टांगली, तर आईंनी ती काढून त्यांच्या हातात दिली. जमिनीवर ठेवा म्हणाल्या.

"खिळा तर रिकामाच हाये ना?" बाबा मला विचारत होते.

मागून आईंचा आवाज आला, "रिकामा नाई. तो तिचा हाये."