चिऱ्यांवरचं टेबल

"हाताला काय बघताय दादा, टेबलाला बघा."

असं म्हणून ती उजवा हात मनगटापासून तीनदा झटकायची, भांडी घासून उठलेली बाई ओले हात झटकते तसा, आणि पुन्हा कीबोर्डवर ठेवायची. दिवसातून वीस वेळा तरी मी हे बघितलं असेल, आणि वीसही वेळा मी हाताकडेच बघितलं. हे मी तिचं कौतुक करायला लिहीत नाही, आधीच सांगून ठेवतो. मला राग आलाय, आणि इतक्या वर्षांनी तो कुणावर काढायचा ते समजत नाही.

महाडला चवदार तळ्याच्या मागच्या एका गल्लीत आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं सेंटर होतं. आमचं म्हणजे मालकाचं. मी तिथला जुना नोकर, काउंटर सांभाळणारा. दोन हजार सालाच्या आसपास टाइपरायटर अडगळीत गेले आणि दुकानात एक कॉम्प्युटर आला. त्यावर बसायला ही आली. मूळची कुडपणची, पार डोंगरावरची. पोलादपूरला मावशीकडे राहायची आणि सकाळच्या एसटीने महाड गाठायची. वय असेल एकवीस-बावीस, अंगाने एवढीशी, पण हाताला वेग असा की मजकूर वाचून दाखवताना मला धाप लागायची. पत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळं करायची, पण तिचा जीव मतदारयाद्यांत. आपल्या भागातलं गाव आलं की मध्येच थांबायची. "ही म्हातारी जाऊन चार वर्सं झाली दादा, हिला कशाला ठेवलीय?" मग पुढच्या नावाची सगळी कुंडली सांगायची, बोटं चालूच.

आता ते टेबल. महाडकराला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सावित्रीचं पाणी पावसाळ्यात बाजारपेठेत शिरतं. त्यामुळे आमच्याकडे घरात किमतीची वस्तू आली की ती आधी उंचावर चढते, तिचा उपयोग काय ते मग बघतात. मालकाचं झेरॉक्स मशीन एका पुरात चिखलात गेलं होतं. तेव्हा कॉम्प्युटर आल्याबरोबर त्याने टेबलाच्या चारी पायांखाली जांभ्या दगडाचे दोन-दोन चिरे घातले आणि वर सिमेंट फासून ते पक्के केले. कीबोर्ड आला हिच्या छातीशी. ती स्टुलावर जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या रचून बसायची, पाय लोंबकळत, तरी मनगटं मोडूनच धरावी लागत. मी सहा फुटी माणूस. मला ते टेबल अगदी मापाचं होतं.

एकदा तिने मालकाला सरळ सांगितलं की सिमेंट फोडा, चिरे पावसाळ्यापुरते ठेवा, एरवी काढा, मे महिन्यात कुठलं आलंय पाणी? मालक हसला. तुम्ही डोंगरावरची माणसं, तुम्हाला पुराचं काय कळणार, म्हणाला. मीही हसलो. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

हाताला मात्र सगळ्यांनी औषधं केली हो! त्यात कुणी कमी पडलं नाही. मालकाच्या बायकोने आंबेहळदीचा लेप पाठवला. झेरॉक्सला येणाऱ्या एका गुरुजींनी तांब्याचं कडं दिलं. कुणी बाम, कुणी पट्टा. मी आणि माझी बायको तिला रविवारी जवळच्या सव गावाला घेऊन जायचो, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर. तास-दीड तास ती हात बुडवून बसायची, आणि तेवढा वेळ तिच्या कपाळावरची आठी जायची. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "आज उकडायचा, उद्या परत टेबलावर चढवायचा. हात हाय का रताळं हाय दादा?" माझी बायको पोट धरून हसली. मी त्यालाही विनोद समजलो.

शेवटी ती स्वतःच डॉक्टरकडे गेली. मनगटात शीर दबतेय, हाताला विश्रांती द्या, कीबोर्ड कोपराच्या पातळीला घ्या, असं त्याने कागदावर लिहून दिलं. तिने तो कागद मालकासमोर ठेवला. मालकाने वाचला, घडी केली आणि काउंटरच्या काचेखाली सरकवला. बघू, म्हणाला. मीही तो वाचला होता, आणि मूग गिळून बसलो.

बरं, तिचं सगळं त्या हातावर होतं. सरकारी कारकुनाच्या जागेसाठी लेखी परीक्षा ती पास झाली होती. राहिली होती ती टायपिंगची. वडिलांनी बजावलं होतं, झालीस तर नोकरी कर, नाहीतर मुकाट्याने आम्ही बघू तिथं लग्न कर. तिला ती नोकरी हवी होती. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची की अलिबागला खोली घेऊन एकटी राहणार आहे.

परीक्षेला दहा दिवस उरले आणि याद्यांचं मोठं काम आलं. तिने हाताला आराम म्हणून आठ दिवसांची रजा मागितली. मालक म्हणाला, यादी कोण करणार? ती माझ्याकडे वळून बघत राहिली.

मला टायपिंग येत होतं. तिच्याइतकं नाही, पण येत होतं. आणि टेबल माझ्या मापाचं होतं. मी म्हणालो, "आठच दिवस आहेत गं. काढ कसेबसे." मालकाची भीती वगैरे काही नव्हती. मला पंख्याखालची खुर्ची सोडायची नव्हती. कंटाळा, दुसरं काही नाही. माणूस दुसऱ्याचं आयुष्य कंटाळ्यापायी घालवू शकतो, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. तिचा चेहरा समोर होता.

तिने यादी पुरी केली. परीक्षेत चौथ्या ओळीला अंगठा आणि बाजूची दोन बोटं बधिर झाली. उरलेला उतारा तिने डाव्या हाताने मारला आणि नापास झाली. दुसऱ्या दिवशी येऊन हे सगळं तिने मला सांगितलं, रडली नाही. महिन्याभरात काम सोडलं. मालकाने स्टीलचा डबा दिला. लग्न होऊन ती पुन्हा डोंगरावरच गेली.

चार वर्षांनी पोलादपूरच्या स्टँडवर भेटली. कडेवर पोर, दुसऱ्या हातात भरलेली पिशवी. मला बघून हसली, बायकोची चौकशी केली. मी भीतभीतच हाताचं विचारलं.

"बरा झाला की," ती म्हणाली. "सा महिन्यांत आपोआप बरा झाला. आता दोन म्हशी पिळते, लावणी करते. कळसुद्धा येत नाय."

तिने पिशवी खाली ठेवून मूठ उघडून मिटून दाखवली, पोराला दाखवावी तशी. मला तोंडात मारल्यासारखं झालं. तो हात कधी अधू नव्हताच. त्याला फक्त थोडी सवड हवी होती. बरं झालं, एवढंच मी म्हणालो.

"माझ्या जागी कोण बसतं?"

"एक मुलगी आहे. बिरवाडीकडची."

"तिचा दुखतो का हात?"

खोटं बोलता आलं असतं. गाडी फलाटाला लागत होती, माणसं उठत होती.

"दुखतो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, पिशवी उचलली आणि गाडीत चढली.