पांढरी रिबीन

दोन हजार चार साली अमेरिकेत, नोव्हाय गावी, आमच्या शेजारी एक कोरियन कुटुंब राहायचं. नवरा आमच्या ह्यांच्यासारखाच गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. त्याचं हार्टचं ऑपरेशन ठरलं, आणि नेमका त्याच दिवशी त्यांच्या मुलीच्या शाळेत इंटरनॅशनल डे, पोरांनी आपापल्या देशाच्या वेशात जायचं. आई पहाटेच त्याच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये जाणार. घरात आजी, तिला इंग्रजीचा गंध नाही, शिवाय हात कापायचे. मुलीला तयार करायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. मला कुठं गप्प बसवतंय!

आईनं नमुन्याला एक कॅलेंडर ठेवलं होतं, जुन्या कोरियन चित्रांचं. पुरुषांच्या डोक्यावर जाळीसारख्या काळ्या टोप्या, हनुवटीखाली बांधलेले बंद. बायकांचे एवढाले खोटे अंबाडे, की त्यांच्या मानेची काळजी वाटावी. एका पानावर पांढऱ्या टोपीतला म्हातारा. लग्न न झालेल्या मुलींची मात्र साधी लांब वेणी, टोकाला लाल रिबीन. हात्तिच्या, म्हटलं, वेणी घालायला मला कोण शिकवणार?

मधोमध भांग पाडून चापूनचोपून वेणी घातली. लाल रिबीन काही सापडेना आणि बसची वेळ झालेली. मग घरी पळत जाऊन लेकीची कोरी पांढरी रिबीन आणली. साताऱ्याच्या शाळेत मी दहा वर्षं पांढऱ्याच बांधल्या होत्या. दिली बांधून.

आजी स्वयंपाकघरातून आली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं कॅलेंडरमधल्या त्या पांढऱ्या टोपीवर बोट ठेवलं, मग रिबिनीवर. नातीला हळू आवाजात काहीतरी विचारलं. पोरगी माझ्याकडे वळली आणि तिनं ते मला इंग्रजीत सांगितलं.

"आजी विचारतेय, बाबा गेले का? तुला फोन आला का?"

त्यांच्यात डोक्यावर किंवा केसांत पांढरं म्हणजे सुतक, हे मला काय ठाऊक! नाही नाही म्हणून मान हलवली. पण ऑपरेशन अजून चालू होतं, मला तरी काय माहीत होतं? मी अडखळले, आणि मी काहीतरी लपवतेय असंच आजीनं धरलं. पोरगी रडायला लागली. मी रिबीन सोडायला गेले तर आजीनं नातीला घट्ट धरलं, मला जवळ येऊ देईना. सुनेचा सेलफोन बंद. बस आली आणि निघून गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणत मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत बसले.

पाऊण तासानं फोन वाजला. आजी उचलेना, म्हणून मी उचलला. सून होती. ऑपरेशन नीट झालं, म्हणाली. मी रिसीव्हर आजीच्या कानाला लावला.

मग फोन ठेवून तिनं नातीच्या वेणीतली रिबीन स्वतः सोडली, माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. अगदी आमच्या आईसारखा. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्यानंतर मला हक्कानं मारणारं कुणी उरलंच नव्हतं. मी तिथंच खाली बसून रडायला लागले, तेव्हा आजी आपल्या भाषेत पुटपुटत, जिथं मारलं होतं तिथंच हात फिरवत राहिली.