बाजा कुठं थांबवायचा

आम्हाला हलवलं ती सकाळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. तुम्ही वरच्या आळीचे. तुमची घरं वीजघराच्या कुंपणाबाहेर राहिली म्हणून तुम्ही उरलात. आम्ही खालच्या आळीचे, आमची घरं आत गेली. तुम्ही चिंचेखाली उभे होता, बायका पदर तोंडाला लावून, आणि आमच्या दारात ट्रक धूर सोडत होता. सरकारी कागदात याला स्थलांतर म्हटलं आहे. स्थलांतर पाखरं करतात, आपल्या मर्जीनं. आम्हाला उचलून दुसरीकडे ठेवलं.

आई शेवटपर्यंत घर झाडत होती. मी ओरडले, ‘‘अगं, उद्या पाडणार हायेत ते!’’ ती म्हणाली, ‘‘पाडू दे. पाडणारे म्हणतील ना, कसली गबाळी माणसं राहत होती.’’ बाबा ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. हंडे-कळशा, पाटा-वरवंटा सगळं ट्रकात मागे टाकू दिलं, पण क्लॅरिनेटची पेटी मांडीवर. सबंध वाटेत त्यांनी तिच्यावरचे दोन्ही हात काढले नाहीत. घाबरलेले बाबा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि मग मला जी भीती बसली ती अजून गेलेली नाही.

बाबांना तुम्ही मास्तर म्हणता. आळीतल्या सगळ्या वराती त्यांच्या बाजानं नेल्या. तुमच्यात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी सांगते, आपल्या गावात वरात नुसती वाजत जात नसे. मारुतीसमोर अभंग, विहिरीपाशी बायकांच्या हळदीच्या गाण्याची चाल, आणि ज्या घरात सुतक असेल त्या घराच्या अलीकडे बाजा बंद. सगळे गप्प चालायचे, पायांचा तेवढा आवाज. ते घर मागे पडलं की पुन्हा ढोल. हे मास्तरांना कुणी सांगावं लागत नव्हतं. कुणाकडे कोण गेलं हे गावात कुणाला ठाऊक नसतं?

सरावलीच्या पुढे आम्हाला प्लॉट दिले. कॉलनी म्हणायचं त्याला. सरळ रांगा, सिमेंटचे पत्रे, दारावर डांबरानं रंगवलेले आकडे. तीन गावांची माणसं अर्ज आले त्या क्रमानं भरली. ज्या साहेबानं हे केलं त्यानं धान्याची पोती तरी याहून विचार करून रचली असती. आमच्या एका बाजूला आपले भास्करकाका, दुसऱ्या बाजूला कोण ते महिनाभर कळलं नाही. ते दार लावून बसायचे, आम्हीही. गावात भरदिवसा दार लावलं की लोक विचारायला यायचे, कुणाला बरं नाही का? इथं आई दिवसा आतून कडी घालायची आणि कुणी वाजवली की आधी माझ्याकडे बघायची. कामाच्या जागेवरचा भोंगा झाला की तिच्या हातातलं भांडं पडायचं. भोंगा फक्त शिफ्ट बदलली असं सांगायचा, ते तिला शंभरदा समजावून झालं होतं.

बाबांची भीती वेगळी होती. त्यांचा बाजा फुटला होता. कर्णेवाला मुरब्याला सासुरवाडीला गेला, झांजवाला कंत्राटदाराकडे खडी वाहू लागला. राहिला मुकुंदा ढोलवाला आणि एक खुळखुळेवाला. त्यात लाऊडस्पीकर आला. एका मुकादमाच्या घरी लग्न झालं तेव्हा खांबाला त्याचा कर्णा बांधून दिवसभर रेकॉर्डी लावल्या. बाबा ओट्यावर बसून ऐकत राहिले. ‘‘सुमे, हा दमत नाय, जेवत नाय, चहापण मागत नाय,’’ ते म्हणाले. ‘‘आता मला कोण बोलावंल?’’

मी रागानं म्हटलं, ‘‘बोलावतील. तुम्ही नवीन वाजवायला शिका.’’

मला नवी गाणी आवडतात, आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगते. यावरून आमची रोज जुंपायची. बाबा म्हणत, त्यांच्या तरुणपणी गाणं बायकांच्या तोंडून यायचं. हळदीला बायका गायच्या आणि बाबा मागीलदारी उभं राहून चाल उचलायचे. मग जत्रेतल्या नाटकवाल्यांकडून पदं आली. मग पालघरच्या इराण्याकडच्या रेकॉर्डी. एक चहा घ्यायचा, मालकाची मनधरणी करायची आणि तीच रेकॉर्ड पुन्हा ऐकायची. ‘‘मुंबईत गाणं जुनं व्हायचं तवा आमच्याकडे यायचं. आमी नवीन म्हणून वाजवायचो, लोक नवीन म्हणून नाचायचे. कुणाचं काय बिघडलं?’’ आता बोईसर स्टेशनावरच्या हॉटेलात रेडिओ दिवसभर चालू. कामगारांच्या खांद्याला ट्रान्झिस्टर. सकाळी लागलेलं गाणं संध्याकाळी पोरं मागतात. हिंदी बोलणारे कामगारही थांबवून सांगतात, ‘‘मास्टरजी, वो नया वाला बजाओ ना.’’

तरी ते शिकले. हॉटेलात बसून, शीळ घालत घालत. पण त्यांची एक तक्रार होती आणि ती तेव्हा मला म्हाताऱ्या माणसाची कुरकुर वाटली. ‘‘जुन्या गाण्यात दम घ्यायला जागा असायची गं. कडवं संपलं की थांब, चार पावलं चाल, मग दुसरं धर. हे नवीन गाणं एक तुकडा संपायच्या आत दुसरा सुरू करतं. मधे शिरायला फट नाय. ह्यात माणसानं थांबायचं कुठं?’’

भास्करकाकांच्या वसंताचं लग्न ठरलं. आम्ही इथं आल्यावरची आपल्यातली पहिली वरात. नवरी माकुणसारची. काका बाबांना म्हणाले, ‘‘मास्तर, रेकॉर्डी नकोत. आमी अजून माणसंच हावोत, हे दिसलं पायजे.’’ बाबांनी मुरब्याहून कर्णेवाल्याला आणलं. आईनं त्यांचा कोट इस्त्री केला. दिवेलागणीला वरात निघाली, गॅसबत्त्या पेटल्या, पोरं ओरडली, ‘‘नवीन, मास्तर, नवीन!’’ आणि बाबांनी धरलं. असं धरलं की मी स्वतः नाचले. चौथ्या रांगेत शिरलो तेव्हा गाणं अगदी रंगात होतं.

एक दार उघडलं. बाहेर आलेल्या माणसाचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

बाबांनी ते पाहिलं. पण मुकुंदा मागे होता, कर्णेवाला डोळे मिटून फुंकत होता. गाणं सुसाट सुटलेलं, ते थांबेपर्यंत आम्ही त्या दारासमोर पोचून नाचत होतो. तो माणूस ओट्यावरून उतरला. मोठ्यानं बोलला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

‘‘थांबलात का? वाजवा. बाप गेलाय माझा. त्याला पण आवडतील नवीन गाणी.’’

त्याच्यामागून त्याचे भाऊ आले. एकाच्या हातात दांडकं. आमच्यातला कुणी पोरगा बरळला, ‘‘आमाला काय सपान पडतंय? पाटी लावायची दारावर!’’

‘‘पाटी? थांब, तुझ्या कपाळावर लावतो!’’

दगड कुठून आला माहीत नाही. गॅसबत्ती फुटली, काच उडाली, नवरी किंचाळली. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या अंगावर चालून येत होती, आणि त्या अर्धवट अंधारात कोण आपलं, कोण परकं, हेही मला ओळखू येईना. बाबा मधे जाऊन उभे राहिले. टोपी काढली. ‘‘चुकलं,’’ ते म्हणाले. ‘‘मला मारायचं तर मारा. पोरीला जाऊ द्या, नवी नवरी हाय.’’

कुणी मारलं नाही. पण दांडकेवाला म्हणाला, ‘‘परत या रांगेतून बाजा नेऊन बघा.’’ पुढे वरात मुकी गेली. माकुणसारची माणसं जेवताना अपशकुन, अपशकुन म्हणत होती. बाबांनी पेटी माळ्यावर टाकली. नंतरचं लग्न ठरलं तेव्हा लोकांनी सरळ लाऊडस्पीकर सांगितला, आणि चौथ्या रांगेतून आपल्या बायका पाण्यालासुद्धा जाईनाशा झाल्या. मीही जात नव्हते. दिवसभर पत्रकांतून सरकारला जाब विचारणारी मी, शंभर पावलांचा वळसा घालून नळावर जायची.

मी पत्रक लिहिलं. ‘माणसांना आकडे देणाऱ्यांनो’ असं सुरू होतं ते. बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘‘खरं हाय सगळं. पण साहेब चौथ्या रांगेत राहत नाय ना. चल माझ्याबरोबर.’’

‘‘कुठं?’’

‘‘ज्याचा बाप गेला त्याच्या घरी.’’

या वेळी वळसा घातला नाही, सरळ चौथ्या रांगेत शिरलो. मी बाबांचा हात धरला होता. दार वाजवलं. आतली कुजबुज थांबली. मग कडी निघाली. त्या माणसाचं नाव गजानन. डोक्यावर केस जेमतेम उगवले होते. त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही, पण दार लोटलंही नाही.

बाबा म्हणाले, ‘‘आमच्या गावात सुतकाच्या घरापुढं बाजा बंद असतो. मला कळायला पायजे होतं.’’

‘‘आमच्याकडे बाजावाल्याला नाय कळावं लागत,’’ गजानन म्हणाला. ‘‘आमच्याकडे घरातला माणूस कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो, हात वर करून. तो दिसला की बाजा बंद. त्या दिवशी मी निघालो होतो. चप्पल घातली होती. आई बोलली, नको जाऊस, कुठली माणसं हायेत, काय करतील, दारू प्यालेली असतील. मग नाय गेलो.’’

‘‘आमी काय केलं असतं?’’ मी विचारलं.

‘‘ते मला काय ठाऊक, ताई? तुमी आमच्या दारासमोरून जाता तवा मान खाली घालता. आमाला वाटतं, ह्यांच्या पोटात काय तरी हाय.’’

दाराला आतून कडी घालणारी आमची आईच मला त्याच्या मागे उभी दिसली. त्याची म्हातारी आई होती ती. तिनं आतूनच विचारलं, ‘‘चहा टाकू का रे? का जाणार हायेत?’’

त्या ठरलेल्या लग्नाला घरच्यांचा लाऊडस्पीकर सांगून झाला होता, तरी बाबांनी पेटी खाली काढली. म्हणाले, वरात मी नेणार, फुकट. लोक नको म्हणत होते. पोलिसांना कळवावं असंही कुणी सुचवलं. आम्ही निघालो तेव्हा नाचायला फार कुणी नव्हतं. सगळे नवऱ्यामुलाला धरून चालत होते, पोरांच्या खिशात दगड होते हे मला माहीत होतं. बाबांनी नवीनच गाणं धरलं. चौथ्या रांगेच्या कोपऱ्यावर गजानन उभा होता. हात वर नव्हता. खालीही नीट नव्हता, मधेच कुठंतरी. बाबांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली, ढोल अडखळून थांबला.

‘‘मास्तर,’’ गजानन म्हणाला, ‘‘आमच्या शेजारी बाळंतीण हाय. पोर सारखं रडतंय, आताशी झोपलंय. दोन घरं सोडून घ्या ना पुढं.’’

आम्ही दोन घरं गप्प चाललो. गजानन बरोबर चालत होता. मग बाबांनी गाणं जिथं तुटलं होतं तिथूनच उचललं, आणि खिशातले दगड सांभाळत पोरं नाचायला लागली. घरी आल्यावर पेटी पुसताना बाबा म्हणाले, ‘‘बघ, थांबतं गं हे गाणं पण. मीच कधी थांबवून बघितलं नव्हतं.’’

भीती गेली असं मी लिहिणार नाही, खोटं ठरेल. भोंगा झाला की अजून दचकायला होतं. आणखी जमीन घेणार अशी बातमी आहे. तुमच्या आळीचंही नाव त्यात ऐकू येतं. सावध राहा, कुठल्याही कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. पत्रकं पाठवते आहे, वाटा.

आणि तुमचा निरोप पोचला. येत्या लग्नाला मास्तरांनीच यावं, वरात जुन्या वाटेनं न्यावी, असा. ऐकून बाबांचे डोळे भरले. आई लगेच कोट शोधायला उठली. पण बाबा बसूनच राहिले. मग मला म्हणाले, ‘‘येतो म्हणून लिही. पण लिही, कोपऱ्यावर एक माणूस उभा करा. तिथं आता कुणाच्या घरी काय झालंय, मला काय ठाऊक?’’