इंजिन उघडा, असं म्हणायचं कोणी

गाडीखालचा सिमेंटचा ओटा कोरडा होता आणि तरी गाडीतलं पाणी रोज कमी होत होतं. एवढी एक गोष्ट पुरेशी होती. पाणी बाहेर पडत नाही आणि आतही राहत नाही, म्हणजे ते इंजिनाच्या पोटात जातंय, हे कळायला कुणी इंजिनियर असावं लागत नाही. मी बँकेत कारकुनी करतो, मला कळलं. माझ्या वडिलांची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये पाण्याचे पंप आणि पाइप सांभाळण्यात गेली. त्यांना कळलं नाही, यावर माझा आजही विश्वास नाही.

गाडी साधी, चार जण बसतील एवढी, बाबांनी रिटायर झाल्यावर ओळखीतल्या एकाकडून जुनी घेतलेली. ती दारात आली त्या दिवशी आईने एकच मागणी केली. यंदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, आपल्या गाडीने. लग्नाआधी ती माहेरच्या माणसांबरोबर दरवर्षी जायची. भिलाईला आल्यावर दोनदा रेल्वेने गेली, तेही उभ्याने. मग गुडघे गेले आणि नागपूरही गेलं. सेक्टर दहामधून बाहेर पडायचं म्हणजे तिच्यासाठी सिविक सेंटरचा बाजार, नाहीतर दवाखाना. म्हणून यंदा ती जाणार हे तिने विहारातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं. दोघीतिघींनी तर तिच्याजवळ मेणबत्त्या आणून दिल्या, आमच्या नावाने लाव म्हणून.

दसऱ्याला महिना होता तेव्हा मी पाण्याचं प्रकरण पहिल्यांदा बोललो. बाबा म्हणाले, "उन्हानं उडते." पावसाळ्यात कुठलं आलंय ऊन. मग सकाळी गाडी चालू केली की मागून पांढरा धूर यायला लागला, आणि तो गाडी गरम झाल्यावरही जाईना. बाबा म्हणाले, हवेत ओल आहे. मग एका सकाळी मी बोनेट उघडून रेडिएटरचा वरचा पाइप दाबून पाहिला. रात्रभर थंड पडलेल्या गाडीचा पाइप मऊ हवा, हा टणक लागला. बाबांना हात लावायला सांगितलं. त्यांनी लावला, काढला, आणि लुंगीला पुसला.

एका रविवारी ते बाजारात गेल्यावर मी रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली. आतून बुडबुडे येऊ लागले. मला वाटलं अडकलेली हवा असेल, थांबतील. दहा मिनिटं उभा होतो, थांबले नाहीत. ॲक्सिलेटर दाबला की भात उकळावा तसे वाढायचे. ऑइलचं झाकण काढलं तर त्याच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा थर, ताकावर लोणी येतं तसा. ऑइलमध्ये पाणी आणि पाण्यात धूर. ज्या दोन गोष्टी कधी भेटू नयेत त्या भेटल्या होत्या.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी गाडी जवळच्या सुपेल्यातल्या एका मेकॅनिककडे नेली. वयस्क माणूस, कमी बोलणारा. त्याने बुडबुडे पाहिले, ऑइलचा वास घेतला आणि कपड्याला हात पुसत म्हणाला, "हेड गैस्केट गया है, भैया. लंबा मत ले जाना." इंजिनाचा ठोकळा आणि त्याच्यावर बसणारं हेड, या दोहोंच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो, तो जळला होता. हेड उतरवायचं, लेथवाल्याकडून सपाट करून आणायचं, नवा पत्रा टाकायचा. चार दिवस लागतील म्हणाला. आमच्याजवळ बारा दिवस होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे घरात सगळे म्हणत राहिले की वेळच मिळाला नाही.

त्याच संध्याकाळी अंगणात बाबांची रोजची बैठक भरली. दोन काका, दोघेही बाबांसोबतच रिटायर झालेले, एक प्लांटच्या कोक ओव्हन विभागातले आणि एक रेल मिलचे. यांची एक पद्धत मी लहानपणापासून पाहत आलो. कुठलंही यंत्र बिघडलं, घरातला कूलर असो की शेजाऱ्याची स्कूटर, तर हे बाहेरून लागणारे सगळे इलाज सांगतील. बोल्ट कस, पाणी मार, पट्टा बदल. पण बंद करा आणि उघडा हे एक वाक्य कुणी आपल्या तोंडाने म्हणणार नाही. ज्याने म्हटलं त्याच्या गळ्यात ते काम पडतं, आणि उघडून आत काही निघालं नाही तर त्याची अब्रू जाते.

बाबांची एकदा गेली होती. मी शाळेत होतो तेव्हा त्यांनी एका पंपाचा आवाज ऐकून तो थांबवायला लावला होता. उघडला, आत सगळं ठणठणीत. कुणी शिक्षा केली नाही, पण या सोबत्यांनी त्यांचं नाव 'शटडाऊनसाहेब' पाडलं. लग्नात, बारशात, बाजारात, सगळीकडे तेच. बाबा हसायचे. घरी आल्यावर जेवायचे नाहीत.

हे सगळं ठाऊक असूनही मी काकांच्या समोरच बोललो. म्हटलं, "बाबा, हेड उघडा लागते. गॅस्केट गेलं हाय."

कोक ओव्हनचे काका आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "घ्या. साहेबाच्या पोराले बी शटडाऊन पाहिजे."

दोघे पोट धरून हसले. रेल मिलचे काका म्हणाले, "बँकेत बसून इंजिन समजाले लागलं का तुले? गरम होते तं थर्मोस्टॅट असन. काढून फेक."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही, कारण त्यात राग नव्हता. मी गप्प बसावं म्हणून ती विनंती होती. मग ते म्हणाले, "थर्मोस्टॅटच हाय. मी बी तेच म्हणून राहिलो होतो."

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. पाय रोवून उभं राहायचं, किल्ली उचलायची, दुसऱ्या दिवशी गाडी सुपेल्यात सोडून यायची. मी यातलं काही केलं नाही. मेकॅनिककडे जाऊन आलो हेसुद्धा सांगितलं नाही. आपल्यावरही ते हसले याचंच मला जास्त लागलं होतं.

तिघांनी मिळून थर्मोस्टॅट काढला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती छोटी झडप निघाली आणि हल्ली वर चढणारा तापमानाचा काटा खरोखरच खाली राहू लागला. बाबांनी सिविक सेंटरच्या चार चकरा मारल्या. काका खूश, बाबा खूश. गावातल्या गावात काटा खाली राहणारच होता. रोज सकाळी अंघोळीआधी बाबा लोटाभर पाणी गुपचूप रेडिएटरमध्ये ओततात, हे मी खिडकीतून पाहत होतो. म्हणजे त्यांनाही कळत होतं. दोघांनाही कळत होतं आणि दोघेही आईला नागपूरला काय काय न्यायचं ते विचारत होतो.

दसऱ्याच्या पहाटे आई पांढरी साडी नेसून मागच्या सीटवर बसली. गुडघ्यांखाली उशी, मांडीवर मेणबत्त्यांची पिशवी. राजनांदगावपर्यंत ती सारखी बोलत होती. पुढे जंगलाचा चढ लागला आणि काटा हलायला लागला. मी बाबांना म्हटलं, थांबा. ते म्हणाले, "चढ हाय, उतरन." महाराष्ट्राच्या सीमेवरच्या बाघनदीच्या अलीकडे बोनेटमधून वाफ आली आणि गाडी आपली आपणच थांबली. ऑइल मोजायची दांडी काढून पाहिली तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

आईला आम्ही झाडाखाली चादर टाकून बसवलं. नागपूरकडे गाड्याच गाड्या चालल्या होत्या, निळे झेंडे लावलेल्या, खिडक्यांतून माणसं बाहेर आलेली. त्यातली एक बस आमच्याजवळ थांबली. दुर्गची होती. एक बाई उतरून आईजवळ आली आणि म्हणाली, "चला ना माय, जागा करतो. आमी उचलून बसवतो तुमाले." आतून दोन पोरं उतरलीसुद्धा. आईने पिशवी उचलली आणि बाबांकडे पाहिलं.

बाबा बोनेटमध्ये वाकलेले होते. वर न पाहता म्हणाले, "गाडी थंडी होऊन राहिली. दहा मिनिटांत चालू होते. तू कायले त्रास घेतं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ती गाडी चालू होणार नव्हती. आज नाही, उद्या नाही, इंजिन उतरवल्याशिवाय कधीच नाही. माझ्या तोंडून फक्त 'जा' एवढा शब्द निघायला हवा होता. मी म्हटलं, "बाबा म्हणते तं होईन."

बस गेली. बाबांनी पाणी ओतलं, किल्ली फिरवली, आतून ठक्क असा एक आवाज आला आणि मग काहीच नाही. थोड्या वेळाने ते एका मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून मेकॅनिक शोधायला गेले. जाताना आमच्या दोघांकडे त्यांनी पाहिलं नाही. पुढल्या वर्षी त्यांनी भाड्याची गाडी सांगितली होती, पण तोवर आईला दोन तास बसणंही झेपत नव्हतं. बाबांचा राग मी अजून करतो. तो करायला सोपा आहे.

त्या झाडाखाली आम्ही दोघंच उरलो तेव्हा आईने मला विचारलं, "तुले मालूम होतं का रे, गाडी चालू नाही होत म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "मले कसं मालूम असन?"

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "मले वाटलं, मालूम असून तू मले बसमदी चढू नाही देल्लं." तिने डबा उघडला, आणि दोन पोळ्या काढून आधी माझ्या हातावर ठेवल्या.