तात्यांच्या भिंतीवरच्या किल्ल्या

मंडळी, दुपारपासून मन कशातच लागत नाहीये.

बारामतीतल्या आमच्या कासार आळीत दिगूतात्यांचं शिलाईचं दुकान. आळीतलं कुणीही गावाला निघालं की घराची किल्ली तात्यांकडे ठेवायचं. भिंतीवर प्रत्येक घराचा एक खिळा. बांगड्यांची दुकानं गेली, कासार गेले, पण ही पद्धत राहिली.

आज तात्यांनी दुकान कायमचं बंद केलं. मुलगा त्यांना निमगाव केतकीला घेऊन चालला होता. त्यांनी हाक मारून आमच्या घराची जादा किल्ली परत दिली. भिंतीवर अजून बऱ्याच लटकत होत्या.

"तात्या, या कुणाच्या?"

"पाडलेल्या घरांच्या. तितं पार्किंग हाय आता."

"मग कशाला ठेवल्यात?"

"टाकून द्या म्हनून कुनी सांगितलं न्हाय."

मग दुकानाला कुलूप लावून त्यांनी ती किल्लीही माझ्या हातात दिली. "पोरी, तू हायस न्हवं हितं?"

"व्हय," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात आम्हीही नव्या फ्लॅटमध्ये राहायला जातोय, हे काही तोंडातून निघालं नाही.

तुम्हीच सांगा, ही किल्ली मी आता कुणाकडे ठेवू?