उडत्या होडीचा पहिला नंबर

माझी धाकटी जाऊ माझ्याआधी उडाली, हे मला अजून पचलेलं नाही. उडाली म्हणजे खरोखर उडाली. गंगापूर धरणाच्या पाण्यावर, आमच्या दोघींच्या निम्म्या-निम्म्या पैशांच्या होडीतून, पाण्यापासून हातभर वर.

मुलांना सुट्टीत धरणावर शिडाची होडी शिकायला घातलं होतं. मुलं लवकरच कंटाळली. त्यांना सोडायला येणाऱ्या आम्ही दोघी मात्र अडकलो. साधी होडी जमू लागली तेव्हा शिकवणाऱ्या सरांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. होडीच्या बुडाखाली पंख असतात, वारा भरला की होडी त्या पंखांवर उचलली जाते आणि बूड पाण्याबाहेर येतं. याला फॉइलिंग म्हणतात. नव्या होडीची किंमत मात्र आम्हा दोघींच्या आवाक्याबाहेरची होती.

मग जुनं शोधलं. मुंबईत कुणीतरी अडगळीत टाकलेली एकट्याने चालवायची होडी मिळाली. गोव्याच्या एका माणसाने गुडघा दुखावल्यावर विकायला काढलेले पंख मिळाले. मी नवी स्कूटर लांबणीवर टाकली, तिने भिशी लागली ती घातली. एका पंखाचा कोपरा तुटलेला होता. तो इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर, पापड वाळत घालतो त्या खाटेवर ठेवून, रेझिन भरून पॉलिश पेपरने घासला. घासला मी. ती शेजारी बसून "ताई, किती छान जमतं हो तुम्हाला" म्हणत होती. डोक्याला मुलांची सायकलची हेल्मेटं घालायची ठरवली, आणि होडी तयार झाली.

आमच्या घरात मोठीचा मान आधी. साड्या आणल्या की पहिली मी निवडायची, मग ती. सासूबाईंचा नियमच आहे तो. त्यामुळे पहिल्या रविवारी धरणावर मी सहज म्हटलं, "पहिला नंबर माझा." ती म्हणाली, "अर्थात ताई, मान तुमचा." तेव्हापासून तसंच पडलं. सकाळी मी, डबा खाऊन झाल्यावर ती.

सकाळी धरणावर पान हलत नाही. मी शिडाची दोरी ओढून ओढून हात सोलवटून घ्यायची आणि होडी म्हशीसारखी पाण्यात ढिम्म बसून राहायची. आणि नेमकी जेवणं आटपली की त्र्यंबकच्या डोंगरांकडून वारा सुटायचा. जाऊ आधीच फुंकर मारली तरी उडेल अशी. एका दुपारी होडीच्या बुडाची थपथप अचानक थांबली आणि ती वर उचलली गेली. आम्ही सगळे काठावर उभे होतो. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार? ओठ ताणून हसले, टाळ्या वाजवल्या, आणि आतून अंगाची नुसती लाही झाली. मी घासलेल्या पंखावर ती उडत होती!

घरच्या ग्रुपवर व्हिडिओ गेला. "आमची धाकटी उडते," असं सासूबाई शेजारणींना सांगू लागल्या. मी भात सोडला, रात्रीची पोळी सोडली, तरी होडी ढिम्मच. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणीही म्हणेल. पण माझं अंगण खरंच वाकडं होतं! शेवटी सरच म्हणाले, "मॅडम, तुम्ही दुपारी का नाही जात? वजन जास्त तर वाराही जास्त लागतो."

हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मोठी असून धाकटीच्या मागे नंबर लावायचा? त्यापेक्षा ढिम्म बसलेलं बरं वाटायचं. आणि तिचं ते "मान तुमचा" दर रविवारी जास्तच गोड होत चाललं होतं. हिला पहिल्या दिवसापासून वाऱ्याचं माहीत होतं की काय, या विचाराने मला जेवण जाईना.

एका रविवारी मात्र सहन होईना. होडी पाण्यात ढकलली आणि म्हणाले, "आज तू आधी जा."

"नको ताई, मान तुमचा."

"मीच सांगतेय ना. जा."

ती गेली. सकाळभर पाण्यावर बसून राहिली. मी काठावर दोन थालीपिठं खाल्ली. इतकं चवदार थालीपीठ कित्येक महिन्यांत लागलं नव्हतं.

दुपारी वारा आला. मी शीड ओढलं, अंग बाहेर झोकून दिलं, आणि खालची थपथप थांबली. इतकी शांतता! होडी वर होती आणि होडीत मी होते. खरं तर पुढे बघायला हवं होतं. मी बघितलं काठाकडे.

जाऊ टाळ्या वाजवत होती. ओठ ताणून हसत. ते हसणं मी लगेच ओळखलं. मला उडण्याचाही इतका आनंद झाला नव्हता. त्या नादात तोल गेला आणि मी धपकन पाण्यात पडले.

काठावर आले तेव्हा तिने टॉवेल पुढे केला. "छान उडालात ताई. पण पुढच्या रविवारी पहिला नंबर तुमचाच हं. मान तुमचा."

मी केस पुसत म्हटलं, "मान आता तूच घे."