तिकडे टाकू नका

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोकांच्या घरातलं इतकं काही दिसतं की त्यानं खरं तर तोंड शिवूनच घ्यायला हवं. मी शिवलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही. डॉक्टर लोक अजून याला रोग मानत नाहीत, बायको मानते.

पण तुम्हीच सांगा, कसं राहील? एक गृहस्थ मला तातडीनं बोलावतात, फ्रिज थंड करत नाही म्हणून. मी जातो, तर स्वारी फ्रिजचं दार सताड उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेली. दुसऱ्या एका घरी बर्फाच्या कप्प्यात टीव्हीचा रिमोट. मुलांची परीक्षा होती म्हणे. तिसऱ्याची तक्रार की दार लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही हे कळत नाही. ते बघायला त्यानं फोन आत ठेवला, फोन गारठून बंद पडला, आणि मला विचारतो, 'फोनही तुम्हीच बघता का?' असलं काही पाहिलं की माझ्या हाताला खाज सुटते.

ती खाज भागवायची सोय फोनमध्ये झाली. एका कॉम्प्रेसरच्या घरघरीचं कारण विचारायला मी एका ग्रुपमध्ये शिरलो होतो. घरघर का होते ते आजतागायत कळलेलं नाही, पण शे-सव्वाशे माणसं मिळाली. त्यातल्या एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेलो नाही. एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. एक वायरमन आहे, तो स्वतःला फ्यूज म्हणवतो. आणि एक वयस्कर बाई आहेत, त्या सगळ्यांच्या आत्या. सकाळी चहा व्हायच्या आत मी तिथे दिवसाची चमत्कारिक बातमी टाकतो. कुठे चोर चोरी करायला शिरला आणि गादी मऊ लागली म्हणून तिथेच झोपला. कुठे पुतळ्याचं नाक चोरीला गेलं आणि आठवड्यानं टपालानं परत आलं. लोक हसतात, शाबासकीचे अंगठे टाकतात, 'आज उशीर झाला?' विचारतात. घरी उशीर झाला तर कोणी विचारत नाही, त्यामुळे मला हे फार गोड लागतं.

फक्त बातम्या टाकल्या असत्या तरी चाललं असतं. पण चोराला आणि नाकाला जेवढे अंगठे मिळत, त्याच्या दुप्पट आमच्या घरच्या गोष्टींना मिळायला लागले. मग काय, लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. 

बायको चपलांच्या दुकानात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या पायात चपला घालून दमलेली ती एका संध्याकाळी घरी आली, तेव्हा तिच्या उजव्या पायात तिची चप्पल होती आणि डाव्या पायात कुणा गिऱ्हाइकाची. वर, 'आज डावा पाय का चावतोय बाई' म्हणून ती मलाच विचारत होती. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही आलं. मी ते तसंच्या तसं टाकलं. ते फिरत फिरत, या फोनमधून त्या फोनमध्ये जात, पंधरा दिवसांनी तिच्या दुकानाच्या मालकापर्यंत पोचलं. तेव्हापासून तो रोज सकाळी, गिऱ्हाइकांसमोर, तिला विचारू लागला, 'काय, आज दोन्ही पाय आपलेच ना?'

त्या दिवशी घरी येऊन ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी तेही टाकलं असतं, हे तिला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "यापुढे तुमच्यासमोर मी जपून बोलणार."

आणि ती जपून बोलू लागली. लेकही तशीच बोलू लागली. आमच्या घरात एक शब्द तयार झाला, 'तिकडे'. 'सांगते, पण तिकडे टाकू नका.' 'बाबा, हे तिकडे गेलं तर बघा.' माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना कमी ऐकू येतं आणि ग्रुप म्हणजे काय ते कळत नाही, पण त्याही मला पाहिल्यावर 'तिकडे नको हो' म्हणायला शिकल्या. पुढे पुढे 'सांगते, पण'मधलं 'सांगते' गळालं. गॅस संपला आणि नळ गळतोय, एवढ्या दोनच बातम्या मला मिळू लागल्या. मी खोलीत शिरलो की बोलणं थांबायचं. मला त्याचं वाईट वाटायचं. घरातल्या हसण्याचा आवाज बाहेरून ऐकायचा, आत पाऊल टाकायचं आणि तो बंद झालेला बघायचा, हे काही बरं नसतं. पण शहाण्याला शब्दाचा मार, आणि मी शहाणा असल्याचं कोणीच कधी म्हटलेलं नव्हतं.

माझी पन्नाशी जवळ आली तेव्हा घरातली कुजबुज एकदम वाढली. सासूबाईंशी कुजबुजता येत नाही, म्हणून त्यांना काही सांगायचं असलं की टीव्ही मोठा करून त्यांच्या कानाशी बोलायचं, अशी आमच्याकडे रीत. आता टीव्ही सारखा मोठा होऊ लागला. मेहुणीचा फोन रोज येऊ लागला आणि बायको तो घेऊन बाल्कनीत जाऊ लागली. एका दुपारी मी कामातून मधेच घरी आलो, तर मायलेकी बाहेर निघालेल्या. 'शिंप्याकडे जातोय' म्हणाल्या. परत आल्या तेव्हा हातात कापड नाही, काही नाही.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पन्नासावा वाढदिवस! कट शिजतोय! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. केकचं सोडा. मला माफ केलंय, असा मी त्याचा अर्थ लावला. पुन्हा सगळे माझ्याशी धड बोलणार, मला घरात घेणार, असे मनातले मांडे मी पोटभर खाल्ले आणि त्याच हातानं फोन उचलून ग्रुपवर टाकलं, 'मंडळी, आमच्या घरात मोठा कट शिजतोय. मी काही कळत नसल्याचं सोंग करतोय. रोजची खबर देत जाईन.'

कळत नसल्याचं सोंग! माझ्या आयुष्यात इतकं खरं सोंग मी दुसरं वठवलेलं नाही.

ग्रुपला तर मालिकाच मिळाली. शिंप्याच्या भागाला विक्रमी अंगठे पडले. मग बायकोनं दोन दिवस दुकानात मालाची मोजणी आहे म्हणून लवकर जाऊन उशिरा यायचं ठरवलं. मी टाकलं, 'मोजणी म्हणे! पाहुण्यांची चाललीय मोजणी.' गुरुजींनी विचारलं, हॉल घेतलाय का. मोजणीवरून आल्यापासून ती उजव्या हातानं काही उचलेना. बादली लेक भरायची, पिशवी लेक धरायची, चहासुद्धा लेक करायची, जी एरवी स्वतःचा कप उचलत नाही. मी टाकलं, 'सौभाग्यवतींनी माझ्यासाठी गुपचूप स्वेटर विणायला घेतलेला दिसतोय. हात पार आखडलाय बिचारीचा.' फ्यूजनं विचारलं, 'कोणता रंग?'

त्या दिवशी आत्यांचा मला एकट्याला निरोप आला. 'वहिनींची तब्येत बरी आहे ना?'

मी त्यांना हसणारा चेहरा पाठवला. म्हटलं, म्हातारं माणूस, उगाच काळजी करतं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी कोणी काही बोललं नाही. मी मनात म्हटलं, वा, काय अभिनय! संध्याकाळी काम लवकर आटोपलं, एका गिऱ्हाइकाच्या बाथरूममध्ये हात धुऊन नवा शर्ट चढवला, आणि आमच्या जिन्यात उभा राहून टाकलं, 'आता दार उघडतोय. श्वास रोखा.' मग चकित झाल्याचा चेहरा करून पाहिला, एकदा तोंड उघडं ठेवून, एकदा हात छातीवर ठेवून. छातीवरचा बरा वाटला. तसा चेहरा घेऊन किल्लीनं दार उघडलं.

घरात कोणी नव्हतं. सासूबाई तेवढ्या दाराकडे पाठ करून टीव्ही बघत होत्या. मी म्हटलं, लपलेत. कपाटामागे पाहिलं, बाल्कनीत पाहिलं. सवयीनं फ्रिज उघडला. केक नव्हता. दाराच्या रबराला चीर गेलेली तेवढी दिसली, माझ्याच घरच्या.

फ्रिजच्या दाराची हवा लागली असेल, सासूबाईंना चाहूल लागली. मान न वळवता त्या टीव्हीच्या वरचढ आवाजात म्हणाल्या, "आलात का गं? काढले का टाके? दुखलं का? आणि ती गाठ तपासायला पाठवलीय, तिचं काय म्हणाले?"

मी छातीवर हात ठेवून उभाच राहिलो.

त्यांनी वळून पाहिलं. मी आहे हे पाहून तोंडावर पदर धरला आणि म्हणाल्या, "जावईबापू, मी काही बोलले नाही हं."

मी खाली बसलो. खिशात फोन थरथरत होता. 'उघडलं का?' 'फोटो टाका!' असलंच असणार. मी पाहिलं नाही. शिंपी, मोजणी, हात, सगळं एकापाठोपाठ डोळ्यांपुढून जात होतं, आणि प्रत्येकावर लोकांचे अंगठे होते.

मायलेकी आल्या. बायकोनं माझा शर्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला, डावा. "अगं बाई! आज तुमचा वाढदिवस!"

"गाठ होती? त्या हाताच्या काखेत?" मी विचारलं.

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई टीव्हीकडे पाहू लागल्या.

"होती. काढली. तपासून चार दिवसांनी सांगणारेत."

"मला कधी सांगणार होतीस?"

"चांगलं निघाल्यावर."

"आणि वाईट निघालं असतं तर?"

"तर अजून थोडं थांबून."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"म्हणूनच ना. मला शंभर लोकांची फुलं नको होती आणि जोडलेले हात नको होते. आणि दुकानात मालकानं सकाळी सकाळी विचारायला नको होतं, काय, आज गाठ कशी आहे?"

"मी टाकलं नसतं," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच ते खोटं असल्याचं मलाच कळलं. आता लपवायचं तरी काय, म्हणून फोन काढून तिच्या हातात दिला. ती खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि पहिल्यापासून सगळं वाचलं. लेक तिच्या खांद्यावरून वाचत होती आणि मधूनच माझ्याकडे असं बघत होती की मी पन्नासचा नसून पाचचा असावा. मला रडू येत होतं. ते मी दाबलं नाही, पण तिकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

"स्वेटरचं बरं लिहिलंय," बायको शेवटी म्हणाली. "फक्त मला विणता येत नाही. पंचवीस वर्षांत तेवढं लक्षात यायला हरकत नव्हती."

मग चष्मा काढत म्हणाली, "तिथल्या सिस्टरनं विचारलं, सोबत दर वेळी मुलगीच, मिस्टर कुठे असतात? मी म्हटलं, ते तिकडे असतात. ती म्हणाली, अरे वा, परदेशात का? मी म्हटलं, तसंच काहीसं."

लेक फिसकन हसली. बायकोही हसली. गेल्या कित्येक महिन्यांत आमच्या घरात इतकं चांगलं वाक्य कोणी बोललेलं नव्हतं, आणि मी शपथेवर सांगतो, ते ऐकून माझ्या हाताला खाज सुटली नाही. ते वाक्य जिथे लागायचं तिथे लागलं होतं.

ग्रुपवर मी लिहिलं, 'केक छान होता.' गुरुजींनी विचारलं कोणता, तर चॉकलेटचा म्हणून ठोकून दिलं. फ्यूजनं स्वेटरचा फोटो मागितला, त्याला माप चुकल्याचं सांगितलं. सतत खरं बोलून मी जगाचं इतकं नुकसान केलं होतं की दोन थापांनी काही बिघडणार नव्हतं. आत्यांना मात्र काय कळवावं ते कळेना. बायकोलाच विचारलं. तिनं थोडा विचार केला. "त्यांना सांगा खरं," ती म्हणाली. "त्यांनी माझ्याबद्दल विचारलं होतं." ही हकीकत लिहून छापायलाही तिचीच परवानगी आहे. दोन ठिकाणी तिनं काट मारली, तिथे काय होतं ते मी सांगणार नाही.

चार दिवसांनी मी तिच्याबरोबर गेलो. फोन घरी ठेवून गेलो, म्हणजे हात कुठे ठेवायचे हा प्रश्न आला. बाकावर बसून कधी मांडीवर ठेवले, कधी तिची पिशवी धरली. भीती काय असते ते मला त्या बाकावर कळलं. बायको मागच्या दोन-तीन खेपांना याच बाकावर हीच भीती घेऊन बसली होती, आणि मी तेव्हा कुणाच्या तरी बर्फाच्या कप्प्यात डोकं घालून हसत होतो.

आत डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "साधी गाठ आहे. काळजीचं काही नाही. सहा महिन्यांनी फक्त एकदा दाखवून जा." मी दोनदा आभार मानले, एकदा त्यांचे आणि दुसऱ्यांदा गडबडीत दाराचे.

बाहेर ती सिस्टर बसली होती. बायकोला पाहून ती हसली, आणि मग मला नीट निरखून पाहिलं.

"हे का तुमचे मिस्टर? आले वाटतं तिकडून?"

"हो," बायको म्हणाली.

"बरं झालं." सिस्टरनं पुढची तारीख कार्डावर घातली आणि बायकोलाच विचारलं, "मग पुढच्या वेळी असतील ना सोबत? की तोवर जातील परत?"

मी तोंड उघडलं होतं. बायकोनं पिशवी माझ्या हातातून काढून आपल्या डाव्या खांद्याला लावली, मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि सिस्टरला म्हणाली,

"बघू."